प्रेषकाच्या नावाची राखण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कंपन्यांच्या ई-मेलचा कारभार सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. ज्या कामात माणसाचा रोज हात असतो त्याविषयीच त्याने बोलावे, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या पदरी काही पडते. म्हणून आज मी 'दुसऱ्याच्या नावाने येणारी पत्रे आणि ती रोखण्यासाठी कंपनीच्या मेल सर्व्हरवर करावयाचा बंदोबस्त' या विषयावर बोलणार आहे.

विषय रुक्ष वाटेल. पण आपली मुले-मुली आज कारखान्यांच्या, दवाखान्यांच्या, व्यापारी पेढ्यांच्या कचेऱ्यांत हिशेबनीस, कारकून, संगणक विभागातील सहायक म्हणून काम करीत आहेत. बनावट पत्राचा पहिला घाव बसतो तो याच माणसांवर. पैसे मालकाचे जातात, पण ते पाठविणारा हात कारकुनाचा असतो आणि जाब त्यालाच द्यावा लागतो. दुसरे असे की, नोकरीच्या शोधात असलेल्या आपल्या तरुणांना मोठ्या कंपन्यांच्या नावाने खोटी नेमणूकपत्रे येतात. तेव्हा हा प्रश्न घराघरांतला आहे.

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. समजा, भिवंडीत कापडाचा एक कारखाना आहे. शुक्रवारी दुपारी हिशेबनिसाला मालकाच्या नावाने ई-मेल येतो : "मी महत्त्वाच्या बैठकीत आहे, फोन करू नका. सुताच्या व्यापाऱ्याचे खाते बदलले आहे. सोबतच्या नव्या खात्यात आजच्या आज 8 लाख रुपये भरा." पत्ता मालकाचा, नाव मालकाचे, खाली कंपनीचे बोधचिन्हही आहे. हिशेबनीस आज्ञाधारक आहे. तो पैसे भरतो. संध्याकाळी मालक कारखान्यात येतात तेव्हा कळते की त्यांनी असे पत्र लिहिलेच नव्हते. आता प्रश्न असा की मालकाच्या पत्त्यावरून दुसऱ्याने पत्र पाठविले कसे? त्याने मालकाचा पासवर्ड चोरला होता काय? पुष्कळदा तशी गरजही नसते.

याचे कारण ई-मेलच्या जन्मात आहे. आंतर्देशीय पत्रावर प्रेषकाचे नाव-पत्ता लिहायला जागा असते. तेथे आपण कोणाचेही नाव लिहिले तरी टपालपेटी ते पत्र नाकारीत नाही. ई-मेलचेही तसेच आहे. एका सर्व्हरने दुसऱ्याकडे पत्र कसे पोहोचवावे याचे नियम जोनाथन पोस्टेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ऑगस्ट 1982 मध्ये लिहून काढले. त्या पद्धतीला एसएमटीपी म्हणतात. त्या वेळी जाळ्यावर विद्यापीठे, संशोधन संस्था आणि सरकारी खाती यांचे थोडे संगणक होते, आणि ते चालविणारी माणसे बहुधा एकमेकांच्या ओळखीची होती. पत्र पोहोचले पाहिजे हीच तेव्हाची काळजी होती. म्हणून एक सर्व्हर दुसऱ्याच्या दाराशी जातो, आपले नाव सांगतो, "हे पत्र अमक्याकडून आहे, तमक्यासाठी आहे" असे सांगतो आणि मजकूर हवाली करतो. 'अमक्याकडून' हे खरे की खोटे, हे पाहण्याची तरतूद त्या नियमांत नव्हती. 2008 साली हे नियम सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा ही पद्धत मुळातच असुरक्षित असल्याचे त्यातच स्पष्टपणे नमूद करण्यात आले.

आणखी एक बारकावा समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सारा बंदोबस्त त्यावर उभा आहे. ई-मेलमध्ये प्रेषकाचे नाव दोन ठिकाणी असते. एक लखोट्यावर आणि दुसरे आतल्या कागदाच्या माथ्यावर, म्हणजे लेटरहेडवर. सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा ते लखोट्यावरचे नाव सांगतात. वाचणाऱ्याला पडद्यावर दिसते ते मात्र आतल्या कागदावरचे. ही दोन्ही नावे एकच असली पाहिजेत असा मूळ नियम नाही. त्यामुळे लखोट्यावर एक नाव, कागदावर दुसरेच, असे पत्र कोणीही तयार करू शकतो. टपाल कचेरी तारखेचा शिक्का मारते तसा वाटेतला प्रत्येक सर्व्हर पत्रावर आपल्या नोंदीची एक ओळ चढवितो. पण ती वाचणाऱ्यापासून झाकलेली असते, आणि आपल्या स्वतःच्या सर्व्हरने चढविलेली नोंद सोडली तर बाकीच्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही.

आता बंदोबस्ताकडे वळू. कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यावर तीन जबाबदाऱ्या असतात. घरातल्या माणसाने घरातल्याच दुसऱ्याचे नाव वापरू नये, ही पहिली. बाहेरचा माणूस आपल्याच घरचे नाव घेऊन आपल्या दाराशी आला तर त्याला ओळखता यावे, ही दुसरी. आणि आपल्या नावाने परस्पर तिसऱ्यालाच कोणी पत्र पाठविले तर त्या तिसऱ्याला ते खोटे आहे हे कळावे, ही तिसरी.

पहिली जबाबदारी घेऊ. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ सर्व्हर कोणाचेही पत्र कोणाकडेही पोहोचवून देत. याचा फायदा फुकट्या जाहिरातदारांनी घेतला, तेव्हा ही मोकळी दारे बंद होऊ लागली. 1998 च्या डिसेंबरात आपल्या माणसांची पत्रे स्वीकारण्यासाठी 587 क्रमांकाचे वेगळे दार ठरविण्यात आले, आणि 1999 साली पत्र देण्यापूर्वी नाव व पासवर्ड सांगण्याची रीत नियमबद्ध झाली. तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्याने पहिली गोष्ट ही करावी की पासवर्ड दिल्याविना आपल्या सर्व्हरवरून बाहेर पत्र जाणार नाही.

पण एवढ्याने भागत नाही. सलीमने स्वतःचा पासवर्ड देऊन आत प्रवेश केला आणि पत्रावर व्यवस्थापकांचा पत्ता लिहिला, तर? सर्व्हरला तसे बजावले नसेल तर तो हे पत्र मुकाट्याने पुढे पाठवील. यासाठी पोस्टफिक्ससारख्या सर्व्हरमध्ये एक तक्ता ठेवता येतो. कोणत्या नावाने प्रवेश करणाऱ्याला कोणता पत्ता वापरण्याचा अधिकार आहे, हे त्यात लिहितात आणि दोन्ही जुळत नसतील तर पत्र परत करण्याचा हुकूम देतात. येथे पुष्कळ जण फसतात. हा तक्ता लखोट्यावरचे नाव तपासतो, आतल्या कागदावरचे नाही. कागदावरचे नावही तपासायचे असेल तर त्यासाठी वेगळा पहारेकरी, म्हणजे पत्र उघडून पाहणारा जोडप्रोग्राम बसवावा लागतो. तक्ता भरला की काम संपले असे समजून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

आणखी एक गोष्ट. कचेरीतल्या सर्व यंत्रांवर विश्वास ठेवून त्यांना विनापासवर्ड पत्रे पाठवू देण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. स्कॅनर आणि छपाईयंत्रे यांची सोय व्हावी म्हणून हे केलेले असते. पण त्याच जाळ्यावरच्या एखाद्या संगणकात विषाणू शिरला तर त्यालाही तीच मोकळीक मिळते. अशी सवलत मोजक्या यंत्रांना, नावानिशी द्यावी. सबंध कचेरीला देऊ नये.

दुसरी आणि तिसरी जबाबदारी एकाच उपायाने पार पडते. तो उपाय तीन भागांचा आहे आणि तीनही भाग डीएनएसच्या आधाराने चालतात. डीएनएस म्हणजे इंटरनेटवरील नावांची जाहीर नोंदवही. गावच्या चावडीवर लावलेली नोटीस कोणीही वाचू शकतो, पण लावण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच असतो. डोमेनचे, म्हणजे पत्त्यातील नावाचे, जे मालक असतात तेच आपल्या नोंदीत भर घालू शकतात.

पहिला भाग एसपीएफ. 2006 साली तो प्रयोगादाखल प्रसिद्ध झाला व 2014 साली त्याला पक्के रूप आले. कंपनी जाहीर नोंद करते की, आमच्या नावाचे टपाल फक्त या या क्रमांकांच्या सर्व्हरवरून निघते. पत्र घेणारा सर्व्हर ही नोंद वाचतो आणि दाराशी आलेला जासूद त्या यादीत आहे का ते पाहतो. याच्या मर्यादा दोन. एक म्हणजे तो लखोट्यावरच्या नावापुरता आहे. दुसरी म्हणजे, एखाद्याने आपले पत्र दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पुढे पाठविण्याची सोय केली असेल तर जासूद बदलतो आणि खरे पत्रही खोटे ठरू शकते. शिवाय ही नोंद तपासताना नोंदवहीत दहापेक्षा जास्त वेळा शोध घ्यावा लागला तर नोंदच सदोष मानली जाते. दिसेल त्या सेवेचे नाव यादीत कोंबणाऱ्यांना हे उशिरा कळते.

दुसरा भाग डीकेआयएम. याची कल्पना समजण्यासाठी आपल्या मुलुखातील जुन्या दप्तरांकडे पाहावे. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब असे. मोर्तबाखाली कोणी एक ओळ वाढविली तर ती परकी आहे हे तत्काळ दिसे. मधल्या मजकुरातील अक्षर बदलण्याचा धोका मात्र राहतोच. 1773 साली नारायणराव पेशव्यांच्या बाबतीत 'धरावे' चे 'मारावे' झाले ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत कायमचा बसला आहे. डीकेआयएम हे आजचे शिक्का-मोर्तब आहे आणि ते 'ध चा मा' ही पकडते. 2007 साली ते नियमबद्ध झाले. पाठविणारा सर्व्हर सबंध मजकुराचा आणि माथ्यावरच्या निवडक ओळींचा गणिती गोषवारा काढतो व आपल्या गुप्त किल्लीने त्यावर स्वाक्षरी करतो. तिची जोडकिल्ली जाहीर नोंदवहीत असते. तिने कोणीही स्वाक्षरी पडताळू शकतो, पण नवी स्वाक्षरी करू शकत नाही. एक अक्षर बदलले तरी पडताळणी फसते. किल्ली 2048 बिटांची असावी, आणि गुप्त किल्ली सर्व्हरवर मोजक्याच हातांत असावी. स्वाक्षरी मजकुराच्या अमुक लांबीपर्यंतच धरावी अशीही एक सवलत या पद्धतीत आहे. ती वापरू नये, कारण मग मोर्तबाखाली ओळी वाढविण्याचीच मुभा मिळते.

हे दोन्ही असूनही एक फट उरते. ठक स्वतःचे डोमेन घेतो, त्याच्या नावाने एसपीएफ व डीकेआयएम अगदी नीट लावतो आणि आतल्या कागदावर मात्र तुमच्या मालकांचा पत्ता लिहितो. लखोटा खरा, स्वाक्षरी खरी, पण ती ठकाची! ही फट बुजविणारा तिसरा भाग म्हणजे डीएमएआरसी. 2012 साली तो जाहीर झाला व 2015 साली प्रसिद्ध नियमांत आला. तो विचारतो : वाचणाऱ्याला जे नाव दिसते आहे, त्याच नावाचा लखोटा किंवा त्याच नावाची स्वाक्षरी पडताळणीत उतरली आहे काय? नसेल तर पत्राचे काय करावे हेही डोमेनचा मालकच नोंदवून ठेवतो. मार्ग तीन : काही करू नका, फक्त कळवा, संशयित म्हणून बाजूला ठेवा, किंवा दारातूनच परत पाठवा. आपल्या नावाने कोठून किती पत्रे निघाली, याचे अहवाल जगभरातील मोठे सर्व्हर मालकाला पाठवितात.

येथे विद्यार्थ्यांना मी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. पहिल्याच दिवशी 'परत पाठवा' असा हुकूम लावू नका. कंपनीचे पगारपत्रक बाहेरची संस्था पाठवीत असते, विक्री खात्याची माहितीपत्रके तिसऱ्याच सेवेवरून जातात, एखादी शाखा जुनाच सर्व्हर वापरीत असते. यांची यादी बहुधा कोणाजवळच नसते. म्हणून प्रथम 'फक्त कळवा' लावावे, काही आठवडे अहवाल वाचावेत, प्रत्येक खरा प्रेषक हुडकून त्याला स्वाक्षरीची किल्ली द्यावी, मग 'बाजूला ठेवा' आणि शेवटी 'परत पाठवा'. घाईचा परिणाम काय होतो हे एप्रिल 2014 मध्ये जगाने पाहिले. याहू कंपनीने आपल्या ग्राहकांच्या पत्त्यांना एकाएकी कडक धोरण लावले आणि टपाल-मंडळांतून एकमेकांना लिहिणाऱ्या निरपराध माणसांची पत्रे ठिकठिकाणी परत जाऊ लागली, कारण अशी मंडळे मजकुरात आपली ओळ जोडतात व स्वाक्षरी मोडते.

पण घाई वाईट म्हणून पहिल्या पायरीवरच कायम बसून राहणे हेही बरे नव्हे. 'फक्त कळवा' या हुकमाने एकही खोटे पत्र अडत नाही. पुष्कळ कंपन्यांनी नोंद केली आणि कर्तव्य संपले असे मानले. दाराला कुलूप आणून टांगले, पण लावले नाही! अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्र सरकारच्या नागरी खात्यांना एक वर्षाची मुदत घालून 'परत पाठवा' या पायरीपर्यंत जाण्याचा आदेश दिला होता. फेब्रुवारी 2024 पासून गूगल व याहू यांनी दिवसाला 5000 हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना हे तिन्ही भाग सक्तीचे केले. ज्या डोमेनवरून आपण कधीच ई-मेल पाठवीत नाही, त्यालाही 'येथून टपाल निघत नाही' अशी नोंद लावावी. रिकाम्या घराचा पत्ता वापरणे ठकाला सोयीचे असते.

इतके सारे केल्यावर धोका संपला का? नाही. आपल्या नेमक्या नावाची चोरी यातून थांबते. नावासारखे दुसरे नाव घेण्याची युक्ती थांबत नाही. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' व 'एन' शेजारी-शेजारी लिहिले तर घाईत कोणाला कळते? मोबाइलवर तर पुष्कळदा नुसते नाव दिसते, पत्ता दिसतच नाही. लिथुआनियातील एव्हाल्दास रिमासौस्कस याने 2013 ते 2015 या काळात केलेली फसवणूक या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या नामांकित कंपनीच्याच नावाची एक कंपनी त्याने लॅटव्हियात नोंदविली, त्या कंपनीकडून आल्यासारखे भासणारे ई-मेल गूगल व फेसबुक यांच्या कर्मचाऱ्यांना गेले आणि त्या दोघांकडून मिळून 10 कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्याच्या खात्यांत पडली. बँकांना दाखविण्यासाठी त्याने खोटे करार आणि खोटे शिक्केही तयार ठेवले होते. डिसेंबर 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. ज्यांचे तंत्रज्ञान जग वापरते त्यांच्या कचेरीत हे घडले, हे लक्षात घ्या.

म्हणून यंत्राच्या बंदोबस्ताला माणसाच्या शिस्तीची जोड हवी. खाते बदलल्याचा निरोप ई-मेलने आला तर आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर फोन करून खात्री करावी. त्याच पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. ठरावीक रकमेपुढे दोघांच्या मान्यतेशिवाय पैसे निघू नयेत. मालकवर्गाला माझी विनंती आहे की, "मला उलट फोन करून का विचारलेस?" असे म्हणून हिशेबनिसावर कधी रागावू नये. ज्या कचेरीत वरिष्ठांना विचारण्याची भीती वाटते त्या कचेरीत ठकाचे काम सोपे होते. "फोन करू नका" हे वाक्य तो लिहितो ते याच भीतीच्या भरवशावर.

पालकांनाही दोन शब्द. मुलाला परदेशी किंवा मोठ्या कंपनीच्या नावाने नेमणूकपत्र आले, आणि वैद्यकीय तपासणी, व्हिसा वा अनामत अशा कारणाने आधी पैसे मागितले, तर दागिना गहाण टाकण्यापूर्वी थांबा. पत्त्यातील '@' या चिन्हापुढचे नाव अक्षर न् अक्षर वाचा. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून दूरध्वनी क्रमांक काढून विचारणा करा. पैसे गेलेच तर लाजेने गप्प राहू नका. 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठविता आली तरच हाती लागते. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होणारा गुन्हा आहे. मित्राची गंमत म्हणून त्याच्या नावाने ई-मेल पाठविणाऱ्या मुलांनीही सावध असावे. गंमतीतून कोणाचे नुकसान झाले तर ती गंमत राहत नाही.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुम्हाला सांगतो. मी आज जे सांगितले ते शिकायला मोठे भांडवल लागत नाही. एक जुना संगणक, त्यावर लिनक्स, फुकट मिळणारा पोस्टफिक्स आणि वर्षाला थोड्या रुपयांत मिळणारे एक डोमेन, एवढ्यावर तुम्ही हे सारे स्वतः करून पाहू शकता. नियमांचे मूळ दस्तऐवज इंग्रजीत असले तरी विनामूल्य वाचता येतात, कष्टाने वाचा. आपल्या भागातील कितीतरी लहान पेढ्या, दवाखाने आणि शाळा यांच्या डोमेनला आजही साधी एसपीएफ नोंद नाही. त्यांच्याकडे जाऊन हे काम करून द्या. यात तुमचा चरितार्थ आहे आणि समाजाची सेवाही आहे.

नाव कमवायला माणसाला आयुष्य लागते. ते नाव वापरून दुसऱ्याने कोणा गरिबाला बुडवू नये याची दक्षता घेणे हे नाव धारण करणाऱ्याचे काम आहे, मग तो कारखानदार असो की आपल्यासारखी एखादी शिक्षणसंस्था. संस्थेच्या चालकांनी आपल्या स्वतःच्या डोमेनपासूनच हे काम सुरू करावे अशी नम्र सूचना करतो, आणि त्यासाठी माझी सेवा विनामोबदला हजर आहे असे सांगतो.